चित्रांच्या दालनात हरवलेली डबी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, अन् नळाला मात्र पाणी न्हाई! दुष्काळ असा, की अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आडत दुकानात तूर यायचीच बंद झाली. अप्पा दिवसभर रिकाम्या पोत्यांवर बसून राहायचे. मी बारा वर्षांची, चित्रकलेची परीक्षा पास झालेली आणि लई हट्टी. "खरी रंगवलेली चित्रं दाखवा," म्हणून मी महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एसटीनं आम्ही दोघं मोठ्या शहरातल्या चित्रांच्या म्युझियमला गेलो. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांचा काही गुन्हा नव्हता.

आत गारवा होता. मी खुळ्यासारखी या भिंतीकडून त्या भिंतीकडं पळत होते. अप्पांना चित्रांतलं काही कळत नव्हतं, पण एका जागी काचेखाली तळहाताएवढं चित्र होतं, काळ्या ढगांनी भरलेलं. अप्पा कठड्यावरून पार ओणवे झाले. "बघ, पाऊस हितं येऊन बसलाय अन् आपण तिकडं वाट बघून राहिलो," म्हणाले. मला हसू आलं.

दोन दालनं पुढं गेलो आणि त्यांचा हात छातीकडं गेला, तो तिथंच थांबला. गळ्यातला दोरा तुटला होता. लिंगाची चांदीची डबी अंगावर नव्हती.

आम्ही लिंगायत. आमच्यात लिंग अंगावरून उतरत नाही, झोपेत नाही की आजारपणात नाही. लिंग गेलं म्हणजे प्राण गेला, मग माणसानं मागं राहू नये, असं घरी येणाऱ्या आमच्या गुरूंनी, जंगमस्वामींनी सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. अप्पा तेव्हा मान डोलवत होते. मी इतकी भ्याले, की माझ्या गळ्यातलं, कापडात बांधलेलं लिंग ओढून बाहेर काढलं आणि म्हणाले, "अप्पा, माझं घाला."

"आगं येडे, दुसऱ्याचा जीव घालता येतो का?" ते हळूच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही उलटे फिरलो. पहारेकरी आडवा आला. "उधर से नहीं, आगे चलो." त्याला सांगायचं तरी काय? मधल्या दालनात काचेच्या कपाटांतून जुन्या चांदीच्या डब्याच डब्या मांडलेल्या! आणि धोतर नेसलेला खेडवळ माणूस म्हणणार, माझी चांदीची डबी आत राहिली. चोर ठरायला एवढं पुरे. सापडली नाही तर एक भीती, सापडली तर दुसरी. एवढी मोठी घोडी मी, पण अप्पांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून चालत होते.

पहारेकऱ्याला अप्पांचा चेहरा बघून काय वाटलं कोण जाणे, त्यानं पाण्याचा गिलास पुढं केला. अप्पांनी मान हलवली. अंगावर लिंग नाही तोवर त्यांच्या घशाखाली थेंब जाणार नव्हता. ओठ पांढरे पडले होते त्यांचे. मग अप्पांनी गळ्यातला तुटका दोरा दाखवला, तसं त्यानं आम्हांला म्युझियमच्या साहेबापुढं नेलं.

डबी साहेबाच्या टेबलावरच होती. झाडणाऱ्या बाईला ती कठड्याखाली सापडली होती. साहेबानं डबी उलटीपालटी करून बघितली. "तुमचीच कशावरून?"

असा राग आला मला त्याचा!

अप्पांनी हात जोडले. "साहेब, चांदी तुमची. ठिवून घ्या. आत काळं लिंग हाय, तेवढं द्या."

साहेबानं डबी उघडून आत बघितलं. मग ती बंद केली आणि अख्खी अप्पांच्या पुढं सरकवली.

बाहेर पायऱ्यांवर बसून अप्पा दोऱ्याला गाठ मारत होते. गाठ तीनदा सुटली. डबी गळ्यात गेल्यावर ते नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले, किती वेळ पीतच राहिले.

मला राहवलं नाही. "सापडली नसती तर, अप्पा?"

त्यांनी तोंड पुसलं. "तर आधी तुला घरी नेऊन सोडलं असतं," म्हणाले.