आईनं मागितलेलं फूल

शेवंतीचा उग्र वास आला की मला यवतच्या घराची ओसरी आठवते. नोकरी नवी होती आणि काम घरूनच चालायचं. मी लॅपटॉप घेऊन बसायचे, शेजारी आई बाजारासाठी फुलं निवडायची. घरात पदवीपर्यंत शिकलेली मीच पहिली. मी दिवसभर काय करते हे आईला कळावं असं फार वाटायचं, पण नीट सांगता यायचं नाही. कोडमध्ये बदल केला की कमिटची, म्हणजे काय बदललं ते सांगणारी, एक ओळ लिहायची आणि तिच्या सुरुवातीला ठरलेलं इमोजी लावायचं, अशी आमच्या टीमची पद्धत होती. एका दुपारी आईनं ओल्या बोटानं स्क्रीनवरचं एक चित्र दाखवलं. "ह्यो किडा कशाला गं?" "चूक दुरुस्त केली की किडा लावायचा." "आन् ही आग?" "नको असलेला कोड काढून टाकला की आग." "म्हंजी आमच्या फुलांच्या मळ्यावानीच हाय की तुझं! मग फूल कुठं हाय?" आमच्या ठरलेल्या चित्रांत फूल नव्हतंच. तरी त्या संध्याकाळी काम पुरं झाल्यावर मी त्या ओळीला पिवळं फूल लावलं. लगेच टीमच्या सरांचा मेसेज आला, "हे फूल कशाचं?" मी घाबरत लिहिलं, "आईनं सांगितलं." उत्तर आलं, "मग राहू दे." वाचून दाखवलं तर आई पदर तोंडाला लावून हसली. पुढं रोज विचारायची, "आज किडं घावलं का?" आई आता नाही. ते फूल त्या ओळीत अजून तसंच आहे, आणि किडा लावताना मी आजही शेजारी बघते.