हे पंचायत समितीला उभे राहिले, त्या उन्हाळ्यात

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात सरकारने दवाखान्यासाठी खोली बांधली होती. नर्सबाईंची नेमणूकही झाली होती, पण त्या राहायच्या भोकरदनला आणि कधीतरी एखाद्या सकाळी येऊन जायच्या. बाकी वेळ दाराला कुलूप आणि ओसरीवर शेळ्या. गावाचा खरा दवाखाना म्हणजे सायकलवरून फिरणारा डाक्टर. जालन्याला एका दवाखान्यात कंपाउंडर असताना तो सुई टोचायला शिकला होता. ताप येवो की कंबर दुखो, सुई एकच. पण निरोप गेला की यायचा. आमच्या बौद्धवाड्यातही घरात येऊन बसायचा, दिलेलं पाणी प्यायचा. आम्ही बायका हे विसरत नव्हतो.

माझे यजमान शाळेत मास्तर होते. ती नोकरी सोडून हे पंचायत समितीला उभे राहिले. बाजाराच्या गावांत सभा घ्यायचे. म्हणायचे, "बस चालवायला लायसन लागतं. मंग माणसाच्या अंगात औषध घालायला नको का? शिकला न्हाई त्याच्या हातात सुई देऊ नका. नर्सबाई गावात राहिली पाहिजे, अन् ती राहावी म्हणून तिच्या पाण्याची, सोबतीची सोय आपण केली पाहिजे. विहीर साफ ठेवायला सरकार येणार न्हाई, ते आपलंच काम आहे."

मला ते पटायचं. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी गेल्यावर डाक्टरलाच बोलावायचे.

उन्हाळा सरता सरता विहिरींचं पाणी तळाला गेलं आणि गावात हगवण सुरू झाली. एका सकाळी, रात्रभर हगवण झाल्यावर, माझ्या सासूबाईंना उठवेना. हे पिंपळगाव रेणुकाईकडे प्रचाराला गेल्ते. मी शेजाऱ्याला डाक्टरकडे पिटाळलं. डाक्टर लगेच आला, नाडी बघितली, आणि पिशवी न उघडता तसाच बसून राहिला.

"वहिनी, मी सुई न्हाई लावत."

"का हो?"

"मास्तर गावोगाव सांगून राह्यले की माझ्यासारख्याला बंद करा. माईला काही झालं तर पहिलं नाव माझं येईल. भोकरदनला न्या, जल्दी."

मी त्याच्या पाया पडले. त्याने पाय मागे घेतले. तो रागात नव्हता, घाबरलेला होता. बैलगाडी त्यानेच कुणाकडून तरी जुंपून आणली आणि सासूबाईंना उचलून आत ठेवायला हात लावला.

भोकरदनला पोचेपर्यंत त्यांचे डोळे खोल गेले होते. तिथे सलाइनची बाटली लावली, पण फार उशीर झाला होता. ती संपायच्या आत त्या गेल्या.

यांना निरोप मिळाला, हे आले. मी घडलं ते सगळं सांगितलं. हे आईच्या उशाशी बसून राहिले. गावात मात्र बोलणं सुरू झालं, की मास्तरनं भाषण करून आपलीच माय मारली.

जलदानाच्या दिवशी, आमच्यातल्या दुखवट्याच्या विधीला, डाक्टर आला आणि अंगणात एका कडेला बसला. हे उठून त्याच्याजवळ गेले. मी दारात होते, मला ऐकू येत होतं.

"तू सुई दिली असती तर माय वाचली असती का?"

डाक्टर म्हणाला, "खरं सांगू, मास्तर? मला माहीत न्हाई. मी तापाचीच सुई देल्ली असती. हगवणीला ती चालते का न्हाई, ते मला कुणी शिकवलंच न्हाई."

लोक गेल्यावर मी यांना म्हणाले, "डाक्टर बोलला ते सभेत सांगा. लोकांना कळू द्या."

"दुखवट्याला आलेल्या माणसाचं बोलणं बाजारात नेऊ?"

"अन् लोक तुम्हालाच दोष देऊन राह्यले, त्याचं काय?"

"देऊ द्या."

राजूरच्या सभेत कुणीतरी उभं राहून विचारलं, की डाक्टरने सुई दिली असती तर तुमची माय वाचली नसती का. हे म्हणाले, "ती वाचली असती का, हे मला माहीत न्हाई. पण नर्सबाई त्या खोलीत असती तर माझ्या बायकोला कुणाच्या पाया पडावं लागलं नसतं. मी आधी म्हणत होतो तेच आजही म्हणतो. फक्त आता म्हणताना तोंड कोरडं पडतं." पुढे बसलेली काही माणसं उठून गेली.

यांनी खटपट करून विहिरींचं पाणी शुद्ध करायची पावडर आणली. आमच्या वस्तीच्या विहिरीत स्वतः टाकली. गावच्या विहिरीवर गेले तर लोक म्हणाले, "ठेवून जा, आम्ही टाकू." त्या विहिरीला आमचा हात लागायचा नव्हता. किती टाकायची ते सांगून हे परत आले. ती टाकली की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.

निवडणुकीत हे पडले. आमच्या वस्तीतली मतंही सगळी मिळाली नाहीत. शाळेची नोकरी गेली ती गेलीच. हे शेतात राबू लागले. डाक्टरने आमच्या वस्तीत येणं बंद केलं आणि दवाखान्याच्या खोलीचं कुलूप तसंच राहिलं.

पुढे एका दुपारी शेजारीण तापाने फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन निघाली. डाक्टर आता शेजारच्या गावात बसायचा, तिकडेच ती चालली होती. जाताना तिने आमच्या दाराकडे एकदा बघितलं. हे ओसरीवरच होते. मी लेकरावर सावली धरायला लुगड्याचा धडपा घेतला आणि तिच्यामागे निघाले. यांनी पाहिलं, पण मला थांबवलं नाही.