काकांच्या ओट्याखालची नाली

आज गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत नाली मोकळी करतायत. जेसीबीनं शेजारच्या साहेबराव काकांचा ओटा फोडला आणि कुजक्या गाळाचा वास थेट स्वयंपाकघरात आला. त्या दुपारीही हाच वास होता.

मी तेव्हा शाळेत शिकत होते. काकांनी नालीवर ओटा बांधला, त्याच पावसाळ्यात नालीचं पाणी आमच्या उंबऱ्यावरून आत शिरलं. सगळ्यांच्या आधी धावले ते काकाच. बाबांसोबत त्यांनी ज्वारीची पोती पलंगावर चढवली, मग बादलीनं पाणी उपसत राहिले. "वहिनी, घाबरू नका. पाऊसच लई झाला, त्याला कोण काय करणार?" आईनं त्यांना चहा दिला, पाय पुसायला स्वतःची धुतलेली साडी दिली. देवासारखा माणूस, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

फुटलेल्या ओट्याखाली आता नालीचं तोंड दिसतंय. आमच्या बाजूनं विटा लावून, वर गिलावा करून बुजवलेलं.

"मुद्दाम बंद केलंय हे, ताई," कामगार म्हणाला.

त्या दुपारी उपसलेल्या बादल्या काका कुठं रिकाम्या करत होते, ते आत्ता आठवलं. आमच्याच परसात. त्यांच्या कोरड्या अंगणाकडं एकही नाही.