मोटरीच्या स्टार्टरमधलं सिम अन् माझे गेलेले गेम

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय.

ज्या ऑनलाइन स्टोअरवरून मी सहा वर्षं गेम विकत घेतले, ते स्टोअर दुसऱ्या कंपनीनं घेतलं. जुनं खातं तिकडं न्यायची मुदत आज दोनपर्यंत होती. ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर येणार होता, अन् ते सिम मीच शेतातल्या मोटरीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये, म्हणजे घरून फोन लावून मोटर चालू-बंद करायच्या डब्यात, बसवून दिल्तं.

कुंभार पिंपळगावहून गाडी दामटली. विहिरीवर पोचलो तर वडील, म्हणजे आमचे अप्पा, स्टार्टरसमोरच उभे. "लाईट आत्ता आलीय, ऊस भिजून राह्यलाय. मोटर बंद करू नको."

"दहाच मिनिटं, अप्पा," म्हणत मोटर बंद केली अन् सिम फोनमध्ये टाकलं. ओटीपी आला. दोनला तीन मिनिटं कमी असताना खातं जोडलं गेलं. मंग 'माझे गेम' उघडलं, तर एकही गेम न्हाई. खाली एक ओळ होती: जुनी खरेदी नव्या स्टोअरला लागू नाही.

अप्पांना सांगितलं. सिम परत बसवता बसवता ते म्हणाले, "ही मोटर शहागडच्या दुकानातून घेतल्ती. ते दुकान दोनदा विकलं गेलं. मोटर न्यायला कोणी आल्तं का?"

मंडळी, अप्पांना तुम्ही काय सांगितलं असतं?