रिकाम्या हाताने मंगळावर

ओल्या शाईचा वास आला की मला अजूनही मलकापुरातले मार्गशीर्षातले ते कोवळे ऊन आठवते. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका लहानशा छापखान्यातून माझ्या वडिलांची, नानांची, कादंबरी हातगाडीवरून घरी आली होती, आणि जिनिंगच्या कारखान्याकडून उडत येणारे कापसाचे तंतू त्या गठ्ठ्यांवर अक्षतांसारखे अलगद बसत होते. नाना शाळेत विज्ञान शिकवीत. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. आता आपल्या भाषेतून मंगळावरही जाता येईल असे त्यांना मनापासून वाटे, आणि प्रकाशक मिळेना म्हणून त्यांनी ती स्वतःच छापून घेतली.

आज ती वाचताना हसू आवरत नाही. गुरुत्वाकर्षण समजावून सांगण्याच्या नादात यानाचे उड्डाण दोन प्रकरणे रखडते; मंगळाची राणी मुख्याध्यापिकेसारखी बोलते; तिथल्या नगरीतही सायंकाळी जिनिंगचा भोंगा होतो आणि माणसे आपापल्या घरी परततात. मध्येच छापखान्यातले ‘ळ’चे खिळे संपले, त्यामुळे शेवटी शेवटी सगळा मंगळ ‘मंगल’ होऊन बसला आहे. नायक अनंत मात्र घरी परतत नाही, तिथल्या तांबड्या धुळीतच संपतो.

नानांना मत हवे होते ते एकाच माणसाचे, वडनेर भोलजीच्या आत्याचे. त्यांची आई लवकर गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवले होते. तिला अक्षरओळख नव्हती. म्हणून एका रविवारी आम्ही बापलेकी वडनेरला गेलो, आणि अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आत्याला नाना कादंबरी वाचून दाखवू लागले. उन्हे कलली, हिरव्या दाण्यांचा कच्चा वास अंगणभर झाला, तरी तिने मान वर केली नाही. आणि एरवी वर्ग दणाणून सोडणारा नानांचा आवाज पानागणिक बारीक होत गेला.

पुस्तक मिटले तेव्हा तिने विचारले, “भाऊ, इतक्या दूर निघाला पोरगा, त्याच्या हातावर दही काऊन नाही देलं कोनी?”

“बाई, ते विज्ञान हाय,” नाना म्हणाले. “त्यात दही कुठून आनू?”

“मंग परत कसा येईन तो?”

नाना हसले. आत्या हसली नाही. हातातली शेंग तशीच धरून ती हळूच म्हणाली, “तू नागपूरले शिकाले गेला त्या दिवशी पेरनी होती. मी वावरात होती. घरी आली त तू निघून गेलता. तुले बी कोनी नाही देलं.”

इतकी पाने लिहून, पुन्हा पुन्हा तपासून, आपण कोणाला रिकाम्या हाताने आकाशात धाडले हे नानांच्याही ध्यानात आले नसावे.

मोटारीची वेळ झाली तशी आत्या आतून वाटी घेऊन आली. मलकापूरच्या तेवढ्याशा वाटेसाठी तिने त्या पिकल्या केसांच्या मास्तरांच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, “जाय. आन लिही अजून.”

नाना पुढे लिहीत राहिले, पण या कादंबरीतले ते पान त्यांनी कधी सुधारले नाही. मीही कधी पेन्सिल घेऊन अनंताच्या निघण्याच्या ओळीपाशी थांबते आणि तशीच उठते. मला आठवते ती त्या संध्याकाळची मोटार. दही केव्हाच खाऊन झाले होते, तरी माझ्या शेजारी बसलेल्या नानांची उजवी मूठ मलकापूर येईपर्यंत मिटलेलीच होती.