कोंड्याची काडतुसं

आमच्या घरात बंदूक एकच होती, दुनळी. परवाना सासऱ्यांच्या नावावर, बंदूक नवऱ्याच्या खांद्यावर, आणि डुक्कर पडलं की कौतुक दोघांत वाटून. काडतुसं मी भरायची. ते कोणी विचारत नसे आणि मीही सांगत फिरत नसे. भाकर कोणी थापली हे जेवणारा कुठं विचारतो?

भरायला मी माहेरी शिकले. वडील काठी संस्थानाच्या बाजूला डोंगरात जंगलखात्यात नोकरीला होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा काडतुसं भरायला घरात धड डोळे माझेच उरले. पितळी नळकांडं असे, तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. बुडाला नवी टोपी बसवायची, मापानं काळी दारू ओतायची, वर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड चकती, मग गोळी, आणि तोंडाशी मेण. पाखरांना छर्रे चालतात. डुकराला एकच गोळी लागते, शिशाची, मोठ्या बोराएवढी. वडील म्हणत, "गोळी जितकी जड तितकी तिची भूक मोठी. तिला उपाशी पाठवू नकोस." दारू कमी पडली तरी आवाज होतो, धूरही होतो, आणि ज्याला कळत नाही त्याला वाटतं बार झाला. फक्त त्या गोळीत जीव नसतो.

लग्न होऊन मी तापीकाठी आले, तेव्हा नवरा तोंडात विडी धरून दारू भरत बसलेला पाहिला. नवी नवरी होते, बोलायची सोय नव्हती. उठून त्यांच्या तोंडातली विडी काढली आणि अंगणात फेकली. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दारूचा डबा माझ्याकडं आला तो आलाच. सकाळी ऊन चढलं की धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर बसून मी भरायची. खाली चूल पेटलेली असे, म्हणून वर. माझ्या हातचं काडतूस फुसकं निघालं असं त्या घरात एकदाही झालं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला आयुष्यात दुसरं काही इतकं चांगलं आलं नाही, म्हणून सांगते.

माझ्या हाताची खरी किंमत एका माणसाला होती, आमच्या सालदाराला, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याला. जातीनं भिल्ल, डोंगराच्या पायथ्याचा, बायकोसह आमच्या खळ्याशेजारी राहायचा. रानातून जनावर उठवायला आरडाओरडा करत हाका घालायचा, त्यात तोच पुढं असे. निघण्यापूर्वी काडतूस तळहातावर घेई आणि नवऱ्याला विचारी, "वैनीनी भरेल शेतस ना?" हो म्हटलं की मान हलवी आणि चालू लागे. गोळी लागून डुक्कर बसलं, की हा कुऱ्हाड घेऊन सरळ त्याच्यावर जाई. बाकीचे झाडावर चढत, हा धावत जाई. नवरा ओरडे, तर हा हसे. माझ्या गोळीनं बसलेलं डुक्कर पुन्हा उठत नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी भुईमुगात डुकरांनी धुमाकूळ घातला होता. नांगर फिरवावा तसं रान उकरलेलं असे. पण आमच्या घरात चिंता वेगळीच होती. आसपासच्या गावांतल्या बंदुका सरकारनं जमा करून घेतल्या होत्या. कारण कोणी सांगत नव्हतं. कोणाचा भाचा प्रभातफेरीत दिसला होता म्हणे, कोणी साहेबाला मुजरा करायला उठला नव्हता म्हणे. सासऱ्यांची झोप उडाली. बंदूक गेली म्हणजे पीक जाईल हे खरंच, पण त्याहून त्यांना भीती होती चार लोकांत नाक जाण्याची. अशात नंदुरबारहून निरोप आला, की परवान्यावर शेरा मारणारे साहेब दौऱ्यावर येणार आहेत आणि त्यांना डुकराची शिकार करायची हौस आहे.

साहेब आपल्यातलेच होते, गोरे नव्हते. पण गोऱ्यापेक्षा गोरे वागायचे. आल्या दिवशी त्यांनी मळ्यात मडकं ठेवून आमच्या बंदुकीनं नेम धरून पाहिला. काडतूस माझं, पुऱ्या दारूचं. बंदुकीनं असा धक्का दिला, की साहेब एक पाऊल मागं आले आणि टोपी पडली. मडकं शाबूत राहिलं. संध्याकाळपर्यंत खांद्याला हळद आणि तेल गरम करून लावणं चाललं होतं. एवढा मोठा माणूस, हुं हुं करत ओट्यावर बसलेला, आणि माझे सासरे समोर हात जोडून, जणू बंदुकीनं नव्हे, त्यांनीच धक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाब्यावर होते. सासरे जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत.

"बेटा, साहेबले धक्का लागाले नको," ते म्हणाले. "दारू कमी टाक."

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हटलं, "आबा, गोळी जड शे. दारू कमी पडनी ते डुक्कर मराव नही."

"मरो नहीतं ना मरो. साहेबना खांदा नीट ऱ्हायना पाहिजे."

"मंग छर्रे भरू का?"

"छर्रा लायी डुक्कर माराना का? साहेबले गोळीच पाहिजे."

मी आणखी एकदा बोलले. म्हटलं, डुक्कर जखमी होऊन उठेल. ते म्हणाले, हाकेवाल्यांना तेवढं समजतं. आणि मग जे म्हणायचं ते म्हणाले, "दारू कितली टाकानी ते बाईनी माले शिकाडू नये."

त्यावर बोलायचं काय? बोलायला हवं होतं. आज लिहिताना मला दहा उत्तरं सुचतात. त्या दिवशी मला राग आला आणि मी तो रागच पुढं केला. ठीक आहे, म्हटलं, घ्या. साहेबांसाठीची चारही काडतुसं निम्म्या दारूनं भरली. मग नळकांड्यात जागा उरली. गोळी सैल बसू नये म्हणून काहीतरी घालायला हवं होतं. खाली गेले आणि बाजरीच्या पिठातला चाळून काढलेला कोंडा वाटीभर आणला. गरिबीत कोंड्याचा मांडा करावा म्हणतात. मी कोंड्याचं काडतूस केलं. वरून पाहिलं तर काही फरक नाही. मेण मी नेहमीसारखंच नीट लावलं, अगदी गुळगुळीत. चांगल्या हाताची ही एक वाईट खोड, की खोटं कामही तो सुबक करतो.

हाका निघाला तेव्हा मी दाराआड उभी होते. सालदारानं नेहमीप्रमाणे एक काडतूस तळहातावर घेतलं. आज नवऱ्याला विचारायचं सोडून त्यानं दाराकडं पाहिलं.

"वैनी, तूच भरेल शेतस ना?"

साहेब उभे, सासरे उभे. मी म्हटलं, "हो, मीच."

त्यानं मान हलवली आणि गेला.

पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. नाल्याकाठच्या बाभळींतून एकुलगा निघाला, म्हणजे कळप सोडून एकटा हिंडणारा थोराड नर. साहेबांनी गोळी झाडली. खांदा अजिबात दुखला नाही. नेम या वेळी चांगला बसला, अगदी बाहुट्यावर, म्हणजे पुढच्या खांद्यावर, आणि डुक्कर मागच्या पायांवर बसलं. सालदार कुऱ्हाड घेऊन धावला. तो पाच पावलांवर आला आणि ते उठलं. साहेबांच्या दुसऱ्या नळीतली गोळी बाभळीला लागली. डुकरानं सालदाराची मांडी वरपासून गुडघ्यापर्यंत फाडली. बाकीच्यांनी कुऱ्हाडींनी डुक्कर मारलं, पण तोवर रक्त थांबवण्यापलीकडं गेलं होतं. बैलगाडीत घालून नंदुरबारच्या दवाखान्याकडं नेला. अर्ध्या वाटेवर गाडी परत फिरवली.

नवऱ्यानं ती गोळी आणून माझ्यासमोर ठेवली. कातडीखालच्या जाड थरातच अडकली होती. हाडापर्यंत पोचलीही नव्हती. जशी ओतली तशीच, गोल, थोडी चेपलेली. नवरा ती ठेवून गोठ्याकडं गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यात फक्त बापापुढं तोंड उघडायची ताकद नव्हती, आणि त्या बाबतीत मी त्याला नावं ठेवू शकत नाही.

मग जबाब झाले. साहेब म्हणाले, गोळी बरोबर लागली होती, पण दारू सादळलेली असावी. घरात काडतुसं बाईमाणूस भरतं असं कळलं. जबाब लिहिणाऱ्याची लेखणी थांबली आणि तो सासऱ्यांकडं पाहू लागला. सासरे म्हणाले, हो, सून भरते. दारू सादळलेली असेल. पौष महिना होता. थंडीनं ओठ फुटत होते, हवेत पाण्याचा थेंब नव्हता, आणि म्हणे माझी दारू सादळली. दारू सादळली तर बारच उडत नाही, हे बंदूक धरलेल्या कुठल्याही माणसाला कळतं. तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण मी तरी कुठं संन्याशीण होते?

परवान्यावर शेरा चांगला पडला. बंदूक घरात राहिली.

गावात बोलणं सुरू झालं. बाईच्या हाती दारूगोळा दिल्यावर दुसरं काय होणार. मला जे वाटलं ते सांगते, कारण या वयात खोटं लिहून कोणाची सून व्हायचं आहे? मला पहिला राग आला तो माझ्या हाताला नाव ठेवलं म्हणून. माणूस मेला होता, आणि मी आठ दिवस मनातल्या मनात एवढंच घोकत होते, की माझं काडतूस कधी सादळत नाही. लाल मिरचीचं पोतं अंगावर फुटावं तशी आग होत होती, आणि ती सगळी माझ्या अब्रूसाठी. त्याच्यासाठी रडू आलं ते बऱ्याच उशिरा, तेही खळ्यात त्याची कुऱ्हाड भिंतीला टेकलेली दिसली म्हणून.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको मागच्या दारी आली. मी सूप घेऊन भुईमूग पाखडत होते. ती उंबऱ्याबाहेर बसली. बराच वेळ शेंगांतले खडे वेचत राहिली. ती माझ्यापेक्षा वयानं थोडी लहान असेल.

मग म्हणाली, "वैनी, एक ईचारू? दारू खरंच वल्ली व्हती का?"

सूप माझ्या हातात थांबलं. मी ठरवलं होतं की कोणी सरळ विचारलं तर सांगायचं. सांगायचं की दारू कोरडी होती, निम्मी होती, आबांनी सांगितलं, मी भरली, कोंडा मी घातला, आणि तुझ्या माणसानं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. यातलं शेवटचं मला सांगता येणार नाही, हे तिच्या तोंडाकडं पाहिल्यावर कळलं. सादळलेली दारू म्हणजे हयगय. हयगय कोणाच्याही हातून होते. पण दारू निम्मी आहे हे मला माहीत होतं, एवढं एकदा सांगितलं की मग काय उरतं?

"वल्ली व्हती," मी म्हटलं. "माले समजनं नही."

"हिवाळामा वल्ली कसी व्हयनी?"

"डबा रातभर धाबावर ऱ्हाई गया. दहिवर पडनं."

हे दहिवर, हे रात्रीचं दव, कोणी मला शिकवलं नव्हतं. सासऱ्यांनी नाही, साहेबांनीही नाही. जबाबातल्या खोट्याला पाय फुटावेत म्हणून ते मीच काढून दिलं.

तिनं हातातले खडे बाजूला टाकले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वाईट मानू नको, वैनी. दहिवरले कोन काय करी? तुन्हा काय दोस?" ती म्हणाली. "तो नेहमी सांगे, वैनीना हात चुकस नही."

मग ती उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि रोजच्यासारखं अंगण झाडून गेली. मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर पुष्कळ महिने गेले. एका सकाळी मी विहिरीवर निघाले होते. गोठ्याच्या भिंतीपलीकडून बायकांचा आवाज आला. कोणीतरी माझंच बोलत होतं, मोठी शिकारीण, माणूस खाल्ला तिनं, असं. आणि मग सालदाराच्या बायकोचा आवाज आला, चढलेला, भांडणाचा. घागर खाली आदळल्याचंही ऐकू आलं.

"मन्ही वैनीले कोनी काही बोलू नका. दहिवर पडेल व्हतं. तिले काय माहीत?"

बायकांनी विषय सोडून घागरी भरायला घेतल्या. जिचा नवरा गेला तीच असं म्हणते, त्यापुढं कोण काय बोलणार? मी रिकामी घागर कमरेवर घेऊन भिंतीआड उभी राहिले. त्या सगळ्या पाणी भरून निघून जाईपर्यंत मी तिथून पुढं गेले नाही.