दहा रुपयांच्या कार्डाचा जीएसटी

माझ्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे. तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव आणि खाली पंधरा अक्षरी जीएसटी नंबर. घरमालक येता-जाता ती वाचतात आणि विचारतात, गिऱ्हाईक कधी येणार? गिऱ्हाईक येत नाही. दुकान मोबाईलमध्ये आहे आणि सगळा माल पलंगाखालच्या बुटाच्या खोक्यात. हा नंबर मी कशासाठी काढला ते सांगितलं तर मालक मला वेड्यात काढतील, म्हणून त्यांना सांगत नाही. इथे सांगतो.

मी नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुतो, ॲसिडच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवतो. लग्न राहून गेलं. आई-वडील गेल्यावर कंधारचं घर भावाला मिळालं आणि मी मागितली म्हणून कार्डांची पेटी मला. लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची. पुढे फोटो, मागे धावा आणि बळी. आम्ही पोरं च्युइंगगम थुंकून द्यायचो आणि कार्डासाठी मारामाऱ्या करायचो. त्यात एक डावखुरा फिरकी गोलंदाज इतक्या वेळा निघायचा की अदलाबदलीत त्याला कोणी हात लावत नसे. माझ्याकडे तो वीसेक वेळा आहे. प्रत्येक वेळी तसाच हसतो.

अशी जुनी कार्डं लोक ऑनलाइन विकत घेतात हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर हौसेनं दुकान उघडायला बसलो, तर साइटनं पहिल्यांदा जीएसटीचंच विचारलं. आपल्यासारख्या बारक्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात विकायचं असेल तर पूर्ण नंबर लागत नाही, नुसती नोंदणी करून एक क्रमांक घेतला की भागतं. पण राज्याबाहेर एक पाकीट जरी पाठवायचं म्हटलं तरी पूर्ण नंबर हवा. मग दर तीन महिन्यांनी रिटर्न भरा, विक्री झाली नसली तरी भरा, विसरलात तर दंड. कोण करतो एवढा उपद्व्याप? मी साधा क्रमांक घेतला. त्यामुळे माझं दुकान पार गडचिरोलीत दिसायचं, आणि नांदेडहून सकाळी निघून जेवायला पोचता येईल अशा, पण राज्याच्या सीमेपलीकडच्या निजामाबादेत दिसायचं नाही.

कमाईचं विचाराल तर दहा रुपयांच्या कार्डावर साइटचं कमिशन, वर एक ठरलेली फी, त्या फीवर पुन्हा जीएसटी, आणि टपालखर्च. गिऱ्हाइकाला ते कार्ड नव्वदीच्या घरात पडायचं आणि माझ्या हातात चहापुरतेही पैसे यायचे नाहीत. तरी मी दुकान चालू ठेवलं. मोबाईल वाजायचा म्हणून, हे खरं कारण. बाकी माझा मोबाईल वाजत नाही.

सगळ्यात जास्त वाजायचा तो लातूरच्या एका गृहस्थांमुळे. महिन्याला एक कार्ड, कधी दोन. त्या साइटवर असं आहे की मागणी नोंदवली की विक्रेत्याला निरोप पाठवायची खिडकी उघडते, आणि पाकीट पोचलं की बंद होते. पहिल्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, पाकीट निघालं का? दुसऱ्या वेळी विचारलं, नांदेडात थंडी लई हाय का? पुढे हळूहळू कळलं की ते रेल्वेत होते, मुदखेड जंक्शनला बरीच वर्षं काढलेली. पत्नी गेल्यावर क्वार्टर सोडताना लेकीचा कार्डांचा डबा सापडला. लेकीनं ही कार्डं मुदखेडला जमवली होती आणि लग्न होऊन जाताना विसरली होती. तिच्या संचातली राहिलेली कार्डं ते भरत होते.

मीही लिहायला लागलो. शिवाय पाकिटात कार्डाबरोबर पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहून टाकायचो, हे कार्ड कंधारात कोणत्या दुकानातल्या च्युइंगगममधून निघालं, कोणाशी भांडून मिळवलं, असं काहीबाही. कॉलेजात दिवसभरात माझ्याशी जेवढं बोलणं होतं त्यापेक्षा ते जास्त होतं. पाकीट लातूरला पोचायला चार दिवस लागायचे. ते चार दिवस मला बरे जायचे. टपाल लवकर पोचलं की मला राग यायचा.

एकदा त्यांनी निरोपात आपला फोन नंबर लिहिला. गिऱ्हाइकानं आणि विक्रेत्यानं परस्पर व्यवहार करून फी बुडवू नये म्हणून साइट असे आकडे खोडते. मला नुसत्या फुल्या दिसल्या. त्यांनी दुसऱ्यांदा लिहिला, पुन्हा फुल्या. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच, की यांना फी वाचवायची आहे. नव्वद रुपये कोणालाही जड जातील. पण माझा स्वभाव असा की रिकाम्या रस्त्यावरही मी सिग्नलला थांबतो. मी त्यांना लिहिलं, "साइटच्या बाहेर व्यवहार करता येत नाही. नियमात बसत नाही."

त्यांचं उत्तर आलं, "बरं."

पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा मागणी नोंदवली, नेहमीसारखी विचारपूस केली. फोनचा विषय दोघांनीही काढला नाही. मग साइटनं फी वाढवली, मी कार्ड पंधरा रुपयांना केलं. दिवाळी झाली, आणि लातूरची मागणी यायची बंद झाली.

मी सगळा दोष त्या पाच रुपयांना दिला. दर परत दहावर आणला. मग आठवर. फी धरता प्रत्येक कार्डामागे खिशातून पैसे घालायची पाळी आली होती, पण मागणीच नव्हती, तेव्हा तोटाही झाला नाही. महिना गेला, दुसरा गेला. खिडकी बंद होती. मला त्यांना साधं "कसे आहात" विचारता येत नव्हतं, कारण विक्रेत्यानं आपणहून बोलायची तिथे सोयच नाही.

एका रविवारी लातूरला काय काय पाठवलं ते बघायला जुन्या मागण्यांची यादी काढली. पहिली सहा-सात कार्डं वेगवेगळी होती. पुढे मात्र डावखुरा गोलंदाज. पुन्हा डावखुरा गोलंदाज. मग एकदा दुसरंच काही, आणि पुन्हा तीन वेळा डावखुरा गोलंदाज. पाच वेळा मी तेच कार्ड त्याच पत्त्यावर पाठवलं होतं, स्वतःच्या हातानं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. लेकीचा संच केव्हाच भरला होता. दुकानातलं सगळ्यात स्वस्त कार्ड ते घेत होते, खिडकी उघडावी म्हणून. चार दिवस बोलण्याचे नव्वद रुपये मोजत होते, आणि या माणसाला मी नियम शिकवला होता. मला माझीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

त्यांचा पत्ता तर माझ्याकडे पहिल्यापासून होता. दर वेळी लेबलावर छापलेला असायचा. एक पोस्टकार्ड टाकायचं मला कधी सुचलं नाही. त्यांच्याकडे माझा पत्ता नव्हता, लेबलावर दुकानाचं नाव आणि नुसतं नांदेड एवढंच असतं. पुढच्या रविवारी एसटीनं लातूरला गेलो. बरोबर एक डावखुरा गोलंदाज घेतला, मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. खोलीला दुसऱ्याच भाडेकरूचं कुलूप होतं. घरमालकीण बाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नांदेडचं पाकीट तुमचं होय?" त्या म्हणाल्या. "ते न्हाईत आता. दिवाळीला लेक आली अन् घेऊन गेली त्यांना निजामाबादला. एकटे किती दिस काढणार म्हणली."

मी फोन नंबर मागितला. त्यांनी लावून बघितला, तो बंद होता. तिकडचा नवा घेतला असंल, म्हणाल्या, आमच्याकडं न्हाई. लेकीचा पत्ताही त्यांना ठाऊक नव्हता. मी निघालो तेव्हा त्यांना आठवलं.

"सामान न्यायला आले होते ना, तवा म्हणाले. निजामाबादचा पत्ता टाकून लई डाव बघितलं म्हणं, तुमचं दुकान तिकडं येतच न्हाई."

परतीच्या एसटीत मी ते कार्ड हातात धरून बसलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. त्यांना आता घर आहे, लेक आहे, तिची कार्डं जिची तिला मिळाली. मला आनंद झाला नाही, हे लपवत नाही. एकटेपणात आम्ही दोघं होतो, त्यातला एक सुटून गेला आणि मी राहिलो. लोह्यापर्यंत मी त्यांच्यावर चिडलेलाही होतो.

दुसऱ्या दिवशी कर सल्लागाराकडे जाऊन पूर्ण जीएसटी नंबरासाठी अर्ज केला. वर्षाची उलाढाल ऐकून त्यानं चष्मा काढला. मी कारण दिलं नाही. मालकांचं संमतिपत्र, वीजबिल, फोटो, सगळं दिलं. खोली तपासायला एक साहेब आले. माल कुठे आहे विचारलं, मी खोकं पलंगाखालून ओढलं. त्यांनी ते बराच वेळ चाळलं, डावखुरा गोलंदाज उचलला आणि म्हणाले, हा तर माझ्याकडंबी लई होता. फोटो काढून, दारावर पाटी लावा म्हणून सांगून गेले.

आता माझं दुकान निजामाबादेत दिसतं. त्यात एकच कार्ड ठेवलं आहे, डावखुरा गोलंदाज, दहा रुपये. लहानपणीही ते कोणी घेत नव्हतं, आताही घेत नाही. ते पुन्हा बघतील का, लेकीच्या घरात त्यांना तशी गरज उरली असेल का, मला माहीत नाही.

दर तीन महिन्यांनी सल्लागार त्याची फी घेतो आणि माझं शून्याचं रिटर्न भरतो. परवा म्हणाला, "सर, धंदा तर काहीच न्हाई. नंबर सरेंडर करून टाकू का?"

मी म्हणालो, राहू द्या. परराज्यात माझं एक गिऱ्हाईक आहे.